रीसेट: काय पुसायचे, काय ठेवायचे?

'रीसेट' हा शब्द मराठीत आणि उर्दूत आता इतका रुळला आहे की त्याला परका म्हणण्यात अर्थ उरलेला नाही. मोबाईल अडला की रीसेट, पासवर्ड विसरला की रीसेट. इथवर ठीक आहे. पण हल्ली हा शब्द माणसांच्या बाबतीतही वापरला जाऊ लागला आहे. दोन भावांत वर्षानुवर्षांचा अबोला असतो आणि मध्यस्थ म्हणतो, "आता सगळं रीसेट करून टाका." नापास झालेला मुलगा म्हणतो, "सर, मला लाइफ रीसेट करायची आहे." ऐकायला बरे वाटते. पण असे म्हणताना माणसाच्या मनात नेमके काय असते? मागचे सारे पुसले जावे, असे? की मागचे तसेच राहून पुढची वाट पुन्हा मोकळी व्हावी, असे? या दोन गोष्टी एक नाहीत. त्या एकच आहेत असे समजल्यामुळे पुष्कळ घरांत आणि पुष्कळ वर्गांत नाहक दुःख होते, असे आम्हाला वाटते.

शब्द यंत्राकडून घेतला आहे, तेव्हा आधी यंत्राकडेच जाऊन विचारावे. आमच्या पिढीची या शब्दाशी पहिली ओळख झाली ती व्हिडिओ गेमच्या डब्यावर. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र बाजारात आणले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते. १९८५ साली तेच यंत्र वेगळ्या पेहरावात आणि 'एनईएस' या नावाने अमेरिकेत गेले. आपल्याकडे १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही जे 'टीव्ही गेम' घरोघरी आले, त्यांतले बहुतेक या फॅमिकॉमच्या नकला होत्या. कॅसेटवर शेकडो खेळांचा आकडा छापलेला असे आणि आत तेच ते दहा-पंधरा खेळ नावे बदलून भरलेले असत. चालले नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. डब्यावर दोन मुख्य कळी असत. एक चालू-बंद करण्याची, दुसरी रीसेटची. दोन्हींनी खेळ पहिल्यापासून सुरू होई, म्हणून दोन्ही कळी एकच काम करतात असा मुलांचा समज होता. मोठ्यांचाही होता.

प्रत्यक्षात दोघींच्या कामात मोठा फरक आहे. बंद करण्याची कळ दाबली की वीज जाते. यंत्राची तात्पुरती स्मृती विजेवरच जगत असल्याने तीही जाते. फॅमिकॉमची ही स्मृती होती अवघी २ किलोबाईट, म्हणजे २०४८ अक्षरे मावतील एवढी. रीसेटची कळ दाबल्यावर मात्र वीज जात नाही. त्या कळीने प्रोसेसरला, म्हणजे यंत्राच्या मेंदूला, फक्त एक इशारा मिळतो: हातातले काम सोड. कळ दाबलेली असेपर्यंत तो थांबून राहतो. बोट उचलले की तो एका ठरलेल्या जागी जाऊन पाहतो. या जातीच्या प्रोसेसरला एकूण ६५,५३६ पत्ते माहीत असतात. त्यांतल्या शेवटच्या सहा जागांपैकी मधल्या दोन जागा रीसेटसाठी राखून ठेवलेल्या आहेत. तिथे एकच गोष्ट लिहिलेली असते: सुरुवात कुठून करायची त्याचा पत्ता. प्रोसेसर तो पत्ता वाचतो आणि तिथून कामाला लागतो. रीसेट म्हणजे एवढेच.

आता यातली खरी गोम. या सगळ्यात स्मृतीला कोणी हात लावलेला नसतो. रीसेटच्या आधी त्या २०४८ घरांत जे काही होते, ते रीसेटनंतरही जिथल्या तिथे असते. मग खेळ नव्याने सुरू कसा होतो? तर सुरुवातीच्या पत्त्यावर जो कार्यक्रम लिहिलेला असतो, तो स्वतः एकेक घर पुसत जातो. पुसण्याचे काम कळ करत नाही. ते नंतर, शिस्तीने, कार्यक्रमाला करावे लागते. आणि काय पुसायचे, काय ठेवायचे, हे तोच ठरवतो.

१९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ आपल्या वाचकांपैकी अनेकांनी खेळला असेल, निदान मुलांना खेळताना पाहिला असेल. त्यात रीसेट केल्यावर मारिओचे उरलेले जीव, गोळा केलेली नाणी, गाठलेला टप्पा, सारे जाते. पण सर्वांत जास्त गुणांचा आकडा पडद्यावर तसाच राहतो. वीज घालवली तरच तो जातो. हे आपोआप घडत नाही. सुरुवात होताच तो कार्यक्रम आधी एक तपासणी करतो. त्या आकड्याच्या सहाही घरांत ० ते ९ मधलाच अंक आहे ना? आपण पूर्वी ठेवलेली खूण जागेवर आहे ना? दोन्ही बरोबर असेल तर ती आठवण खरी मानून ठेवली जाते. काही भलतेच सापडले, तर तीही पुसली जाते.

यंत्राची एवढी माहिती आमच्या प्रश्नाला पुरेशी आहे. आमच्या मते तिच्यातून पहिली गोष्ट ही निघते की नव्याने सुरुवात करणे आणि विसरणे यांचा एकमेकांशी संबंध आहेच असे नाही. उर्दूत आपण 'अज सर-ए-नौ' म्हणतो, म्हणजे नव्या टोकापासून. त्यात विसरण्याचा उल्लेख कुठे आहे? 'दरगुजर करना' म्हणतो, त्यातही ओलांडून पुढे जाण्याची कल्पना आहे. ओलांडायचे तर ओलांडण्याजोगे काहीतरी वाटेत असावे लागते. आपली जुनी भाषा या बाबतीत यंत्राइतकीच काटेकोर होती. 'झालं गेलं विसरून जा' ही मागणी मात्र माणसाकडून त्याला न जमणारी गोष्ट मागते. ज्याचा अपमान झाला, ज्याची जमीन गेली, ज्या बहिणीला वाटणीतून वगळले, त्याला किंवा तिला विसरायला सांगणे म्हणजे वीज घालवायला सांगणे आहे. ते जमले नाही की मग लोक म्हणतात, "याच्या मनात अजून आहे, याने माफ केलेलंच नाही." हा उलटा अन्याय. मनात असणारच. आठवण असूनही तो पहिल्या पत्त्यावर परत यायला तयार झाला का, एवढेच विचारायचे असते.

आणि आठवण नकोच असे म्हणणाऱ्याने खेळणाऱ्या मुलाकडे जरा नीट पाहावे. मारिओ नऊ वेळा खड्ड्यात पडतो आणि दहाव्यांदा ओलांडतो. कशामुळे? यंत्र तर दर वेळी पहिल्यापासून सुरू झाले. पण मुलगा पहिल्यापासून सुरू झाला नाही. उडी किती लवकर मारली की चुकते आणि किती उशिरा मारली की चुकते, हे त्याच्या बोटांत साठलेले असते. त्याची स्मृतीही प्रत्येक वेळी पुसली गेली असती, तर हजार वेळा रीसेट करून तो हजार वेळा त्याच खड्ड्यात पडला असता. नव्या सुरुवातीला काही किंमत येते ती जुन्या आठवणीमुळे. नापास झालेल्या मुलाला आम्ही हेच सांगतो. तुझा गेल्या वर्षीचा पेपर फेकू नकोस. कोणते गणित कुठल्या पायरीवर चुकले ते पाहा. लाज वाटत असेल तर ती पुसून टाक, सबक तेवढा ठेव.

आता दुसरा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे. रीसेट दाबण्याचा हक्क कोणाचा?

फॅमिकॉमच्या डब्याला दोन कंट्रोलर जोडलेले असत, पण रीसेटची कळ एकच, आणि ती डब्यावर. दोघे खेळत असताना ती दाबली की दोघांचाही खेळ जातो. ज्यांच्या घरी हे यंत्र होते त्यांना पुढचे सांगायला नको. हरू लागलेला थोरला भाऊ पुढे झुकून कळ दाबायचा आणि म्हणायचा, "चल, पहिल्यापासून." धाकटा रडायचा. आई आतून ओरडायची, "खेळच तर आहे, पुन्हा खेळा!" आईचे म्हणणे खरे होते आणि धाकट्याचे रडणेही खरे होते. त्याचे फक्त गुण गेले नव्हते. दोघांच्या मालकीच्या गोष्टीचा फैसला एकट्याने केला होता, तोही ज्याला त्यात फायदा होता त्याने. हेच उलट झाले असते, जिंकणाऱ्या धाकट्याने म्हटले असते, "भाईजान, तुमचा कंट्रोलर बिघडलाय, चला पहिल्यापासून," तर तीच कळ, तेच बोट, पण कृती साफ वेगळी. पहिली लबाडी आहे, दुसरी दिलदारी.

मोठ्यांच्या जगात हा फरक आपण सहज विसरतो. ज्याने नुकसान केले तोच घाईने म्हणतो, "जाऊ द्या, नव्याने सुरुवात करू." त्याच्या घाईला साऱ्या बिरादरीची साथ मिळते, कारण सर्वांना शांतता हवी असते आणि ती लवकर हवी असते. ज्याचे नुकसान झाले त्याने 'थांबा, आधी हिशोब तर मांडा' म्हटले की तो भांडखोर ठरतो. आमच्या मते नव्या सुरुवातीची विनंती चुकणाऱ्याने जरूर करावी, पण कळ दाबण्याचा हक्क त्याचा नाही. चुकणाऱ्याच्या हातात दुसरी कामे आहेत. खता कबूल करणे, घेतलेले परत देणे, आणि वाट पाहणे.

गंमत अशी की यंत्रांच्या इतिहासात या दोन्ही प्रकारचे रीसेट सापडतात. फॅमिकॉमच्या आधी, १९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीचे '२६००' हे यंत्र आले. त्यावरही 'गेम रीसेट' असे लिहिलेला खटका होता. पण तो प्रोसेसरला थांबवत नसे. चालू असलेला खेळच तो खटका अधूनमधून पाहत असे आणि तो दाबलेला दिसला की काय करायचे ते स्वतः ठरवत असे. म्हणजे अटारीचा रीसेट ही अर्जी होती आणि निन्टेन्डोचा हुकूम. माणसामाणसांतला रीसेट अर्जीच्या जातीचा असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

इथे कोणी विचारेल, आणि रास्त विचारेल: समजा दुखावलेल्याने ती कळ कधीच दाबली नाही तर? चुकणाऱ्याने जन्मभर दारात उभे राहायचे का? याचे उत्तर शोधताना आम्हाला आमचा वर्ग आठवतो. समजा पाचवीतल्या एका मुलाने दुसऱ्याचा कंपास पेटीतला पेन उचलला. सापडला, शिक्षा झाली, पेन परत गेला. ज्याचा पेन होता तो महिन्याभरात त्याच्यासोबत क्रिकेट खेळू लागला. पण वर्ग काही सोडत नाही. सहावीत कोणाचे रबर हरवले, की चाळीस माना त्या एकाच बाकाकडे वळतात. सातवीत सहलीचे पैसे कमी भरले, की आधी त्याचेच दप्तर उघडले जाते. दर वेळी तो निर्दोष निघतो आणि दर वेळी त्याला ते पहिल्यापासून सिद्ध करावे लागते. आठवीत तो शाळेत येईनासा होतो. गळती झालेल्या मुलांच्या यादीत त्याच्या नावापुढे कारण लिहिले जाते: 'घरगुती अडचण.'

एनईएस यंत्रात याचा हुबेहूब नमुना आहे. अमेरिकेतल्या त्या यंत्रात निन्टेन्डोने एक पहारेकरी चिप बसवली होती. तिची जोडीदार चिप प्रत्येक अस्सल कॅसेटमध्ये असे. दोघींचे आपसात सांकेतिक बोलणे चाले. कॅसेटकडून बरोबर उत्तर आले नाही, तर पहारेकरी चिप प्रोसेसरला रीसेट करी, आणि साधारण दर सेकंदाला करीत राही. पडद्यावर नुसती उघडझाप. बनावट कॅसेट रोखण्यासाठी ही योजना होती, पण कॅसेटच्या दातांवर धूळ बसली किंवा आतली पकड सैल झाली, तरी तेच होई. अस्सल कॅसेटसुद्धा दर सेकंदाला पहिल्या पायरीवर ढकलली जाई. दुसऱ्या पायरीवर ती कधी पोहोचणार?

वर्गातला तो मुलगा असा रीसेट होत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, त्याला तर पुन्हा पुन्हा संधी दिली. पण दर संधीच्या मुळाशी शंका असेल तर ती संधी कसली? म्हणून दुखावलेल्याचा हक्क मान्य करूनही आम्ही म्हणू की तो हक्क दुखावलेल्याचा आहे, बघ्यांचा नाही. ज्याचा पेन गेला त्याने कळ दाबली होती. उरलेल्या एकोणचाळीस जणांना ती पुन्हा उलटी फिरवण्याचा अधिकार कोणी दिला? आणि दुखावलेला तयार नसेल, तरीही त्याच्याशी असलेला हिशोब त्याच्याशीच राहील. बाकीच्या जगाने त्या हिशोबाचे व्याज वसूल करत बसू नये. शिक्षकाने तर नाहीच नाही. शिक्षकाला ती घटना माहीत असावी, कारण तिच्यामुळे त्या मुलाला कशाची गरज आहे हे कळते. पण रबर हरवल्यावर त्याची नजर सर्वांत आधी त्या बाकाकडे जाता कामा नये. लक्षात ठेवणे वेगळे आणि वापरणे वेगळे.

आणि जे लक्षात ठेवायचे ते आधी पारखून घ्यावे. मारिओचा कार्यक्रम जुना आकडा ठेवण्यापूर्वी तो आकडा म्हणण्याच्या लायकीचा आहे का, हे पाहतो. आपण मात्र 'त्यांच्या आजोबांनी आमच्या आजोबांना असं म्हटलं होतं म्हणे' एवढ्या भांडवलावर दोन पिढ्या अबोला चालवतो. त्या 'म्हणे'ची तपासणी कोणी केली? निम्मी भांडणे अशा आकड्यांवर उभी असतात जे ० ते ९ मधले कधी नव्हतेच.

काही मंडळींना वेगळीच भीती वाटते. या खेळांमुळे मुलांना आयुष्यही पुन्हा सुरू करता येते असे वाटू लागेल, जबाबदारीची जाणीव जाईल, अशी. ही भीती खुद्द खेळ बनवणाऱ्यांच्याही ध्यानात आली होती. २००१ साली निन्टेन्डोने जपानमध्ये एक खेळ आणला, जो पुढे 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' या नावाने जगभर गेला. त्यात मनासारखे घडले नाही म्हणून नोंद न जपता कोणी रीसेट केले, की पुढच्या वेळी जमिनीतून एक चिडका प्राणी वर येतो आणि रागावतो. पुन्हा केले तर आणखी लांब रागावतो. आपण मागचे पुसले असे खेळणाऱ्याला वाटते, पण यंत्राला ते ठाऊक असते. आम्हाला ही युक्ती शाळेतल्या पुष्कळ शिक्षांपेक्षा शहाणपणाची वाटते. तो प्राणी पुन्हा खेळू देतो, दार बंद करत नाही. फक्त 'मला माहीत आहे' एवढे सांगतो.

शेवटी एक छोटी गोष्ट. 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ १९८७ साली अमेरिकेत कॅसेटच्या रूपात आला. त्या कॅसेटमध्ये एक लहान बॅटरी होती, तिच्यामुळे यंत्र बंद केले तरी खेळाची नोंद राहत असे. पण खेळणाऱ्याला एक सूचना होती: बंद करताना आधी रीसेटची कळ दाबून धरा, आणि ती धरूनच वीज घालवा. कारण वीज एकदम जात नाही, ओसरत जाते. त्या ओसरत्या क्षणात प्रोसेसरचे भान सुटून तो जपलेल्या नोंदीवर काहीबाही लिहून बसू शकतो. रीसेट दाबून धरला की तो गप्प राहतो आणि नोंद वाचते. ज्या कळीने सगळे पुसले जाते असे मुलांना वाटे, तीच कळ इथे जपण्यासाठी होती.

रागाच्या भरात माणसाचेही असेच ओसरते क्षण येतात. वीस वर्षांच्या नात्यावर त्या एका मिनिटात वाटेल ते लिहिले जाते आणि मग जन्मभर तेच वाचावे लागते. अशा वेळी काही ठरवू नये, काही बोलू नये, कळ नुसती दाबून धरावी. आधी जे लिहिले गेले असेल ते पुसता येत नाही हे मान्यच. पण आणखी लिहिणे थांबवता येते. पुढे कधी दोघांना पहिल्या पत्त्यावर परत यावेसे वाटले, तर निदान परत येण्याजोगे काही शिल्लक असावे.